फळीवरचं धुकं

पौष लागला की सकाळच्या वेळी सोलापूरच्या हवेला एक करडा रंग येतो. तळ्याच्या पाण्यावरून वाफ उठते, वस्त्यांमधला चुलींचा धूर तिच्यात मिसळतो, आणि संक्रांतीच्या जत्रेसाठी मैदानावर पालं पडायला लागली की त्यांची धूळही. या जत्रेला आम्ही गड्डा म्हणतो. आता चुली कमी झाल्या, गिरण्यांची धुराडी नुसतीच उभी आहेत आणि कोळशाचं इंजिन माझ्या नातवंडांनी पाहिलेलंही नाही. तरी तो करडा रंग अजून येतो. मी शाल गुंडाळून गच्चीत बसते आणि खालून सून म्हणते, "आई, डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलंय." मी म्हणते, बाई गं, धुराचं मला कुणी सांगू नये.

हे फुशारकीनं म्हणत नाही. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या गड्ड्यात निम्म्या गावानं रांग लावून मी केलेला धूर पाहिला आहे. तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

आमचं घर माणिक चौकाजवळच्या एका बोळात होतं. खाली यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, वर आम्ही. हे म्हणजे माझे यजमान. नाव लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं पुरे. यांच्या हातात कसब होतं आणि तोंडात शब्द कमी होते. त्या वर्षी दिवाळीपासून यांनी दुकानामागच्या पडवीत एक उद्योग काढला. देवदारी खोक्यांच्या फळ्या जोडून खाटेएवढा ओटा केला. त्यावर पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ, कागदाच्या लगद्याचे डोंगर, एक ठेसन, दोन धुराड्यांची गिरणी, एक ओढा, ओढ्यावर पूल आणि पुलापलीकडे सिग्नल. इंजिन पितळेचं, वीतभर लांब. त्याच्या पोटात गजराच्या घड्याळाची स्प्रिंग होती. किल्ली दिली की सहा डबे ओढत ते ओट्याला चार फेऱ्या घालायचं. हे सगळं गड्ड्यात मांडायचं असं यांनी ठरवलं होतं.

पहिल्यांदा गाडी पळाली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. चौथ्या फेरीला मला जांभई आली. हे माझ्याकडे बघत होते.

"काय कमी आहे?" यांनी विचारलं.

"धूर," मी म्हणाले.

मला विचारायचं कारणच नव्हतं खरं तर. ज्या बाईनं वयाच्या आठव्या वर्षापासून चूल फुंकली आहे तिला धूर कळतो. माझं माहेर मैंदर्गीचं. तिथं घरात मराठी आणि दारात कानडी. सकाळी डोळे चोळत स्वैपाकघरात गेले की आई म्हणायची, "होगे बंतु, सरक." धूर आला, बाजूला हो. तुराट्यांचा धूर पातळ आणि घाईचा असतो. गोवरीचा निळसर, आळशी. ओल्या बाभळीचा धूर घर सोडून जातच नाही. कडुलिंबाचा पाला टाकला की डास पळतात आणि माणसंही. बाळंतिणीच्या बाजेखाली ओव्याची धुरी धरतात ती मंद लागते, आणि न्हालेले केस वाळवायला ऊद टाकून धुपाटणं धरतात तेव्हा धूर केसांत शिरून राहायला हवा. प्रत्येक धुराला आपलं काम असतं आणि बाई ते त्याच्याकडून करून घेते. याला विद्या म्हणतात हे तोवर मला माहीत नव्हतं.

तरी इंजिनानं मला आठ दिवस रडवलं. उदबत्तीचा तुकडा धुराड्यात खोचला तर एक बारीक दोरा सरळ वर गेला. देव्हाऱ्यासमोर शोभला असता. लोबानचे खडे टाकले तर एवढा धूर झाला की इंजिनाऐवजी गिरणीला आग लागल्यासारखं दिसलं. इंजिन लहान करता येतं, डबे लहान करता येतात, धूर लहान होत नाही. त्याची वळणं त्याच्या मापाचीच राहतात. मग यांनी फुटक्या बाजाच्या पेटीचं कातडं कापून एक इवलासा भाता केला आणि चाकाच्या आसाला जोडला. चाक फिरलं की भाता दाबला जायचा आणि धूर तुटक तुटक बाहेर पडायचा, भक, भक, भक. त्या दिवशी यांनी माझ्या हातचा चहा थंड होऊ दिला.

दूरचं दृश्य हा दुसरा घोळ होता. यांनी मागं पडदा रंगवून घेतला होता, पण गिरणी आणि डोंगर हाताच्या अंतरावर आहेत हे लपत नव्हतं. शेजारी नरसम्मा राहायची. तिच्या घरी दोन माग होते. तिच्याशी बोलायला मला मजा यायची, कारण माझं अर्धं कानडी आणि तिचं तेलुगू वाटेत कुठंतरी भेटायची. धुराला आमच्यात होगे, तिच्यात पोग. धुक्याला आमच्यात मंजु, तिच्यात मंचु. ती आमचा ओटा बघायला आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पोग हाय. मंचु कुटं हाय?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. तिनं घरी जाऊन पातळ विणीचं, जवळजवळ आरपार दिसणारं कापड आणलं. मागावर सूत बिघडलं म्हणून बाजूला ठेवलेलं. ते आम्ही निळीच्या फिक्या पाण्यात बुडवलं आणि तीन पदरांनी टांगलं, एक गिरणीपुढं, एक डोंगरापुढं, एक त्याच्याही मागं. पाठीमागं दिवा ठेवला. डोंगर कोसभर लांब गेले.

पण कापड लांबचं धुकं दाखवतं. जवळचं, ओढ्यावर लोळणारं धुकं दाखवायला हलणारी वस्तू लागते, आणि माझा धूर तर वर पळत होता. त्याचा तोडगा मला लोबान विकणाऱ्या म्हाताऱ्या अत्तरवाल्या चाचांच्या गुडगुडीनं दिला. मी दुकानात उभी होते, ते ओढत होते, आणि त्यांच्या तोंडातून निघालेला धूर वर न जाता त्यांच्या दाढीवरून खाली उतरत होता. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "पानी में से आया ना बेटी. ठंडा हुआ तो बैठ जाता."

घरी येऊन मी एका नव्या माठाला दोन भोकं पाडली. माठाला ओलं फडकं गुंडाळलं. एका भोकातून गोवरी आणि लोबानचा धूर नळीनं आत सोडला, दुसऱ्या नळीनं तो ओढ्याच्या पात्रात काढला. धूर पाण्यासारखा वाहत आला. ओढ्यात भरला, पुलाच्या कमानीतून पलीकडं गेला आणि रुळांवर चढला. पडवीत आमची सकाळ होती आणि फळीवर दुसरी एक सकाळ झाली होती.

आता मामंजींबद्दल सांगायला हवं. मामंजी म्हणजे यांचे वडील. मूळचे करकंबचे, कोळसा फोडायला म्हणून रेल्वेत लागले, इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन झाले आणि पुढं मालगाडीचे ड्रायव्हर. मेलगाडीवर तेव्हा साहेबलोक असत. आपल्या माणसाला मालगाडी मिळाली तरी गावात मान होता. मी लग्न होऊन आले तेव्हा मात्र ते नोकरी सोडून घरी बसलेले होते. सकाळी उठून दुकानाशेजारच्या पुढच्या खोलीत बसायचे, दुपारी तिथंच पडायचे. रेल्वेचं नाव घरात निघत नसे. ठेसनाकडून शिटी ऐकू आली की ते खिडकी लावून घ्यायचे.

झालं होतं ते असं. आमच्या लग्नाच्या काही वर्षं आधी, अशाच पौषातल्या एका सकाळी, माढ्याच्या अलीकडं त्यांची मालगाडी सिग्नल आडवा, म्हणजे थांबा सांगत असताना पुढं आली. धुकं पडलं की रुळांवर फटाके लावायची रीत होती. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळायचं, पुढं सिग्नल आहे. ते लावायला लिंबाजी नावाच्या गँगमनला पाठवलेलं होतं. तो ओढ्यावरच्या पुलावर असताना गाडी आली. पुलावर बाजूला व्हायला जागा नव्हती. लिंबाजी वाचला, पण त्याचं डावं पाऊल गेलं. चौकशी झाली, मामंजींना इंजिनावरून उतरवलं. लोक म्हणाले, ड्रायव्हर झोपला होता. मामंजी एकच वाक्य बोलायचे, "फटाके वाजले न्हाईत." पुढं तेही बोलायचे थांबले.

यांनी ती गाडी कशासाठी केली हे मला तेव्हा उमगायला हवं होतं. गड्डा हे निमित्त होतं. बापानं एकदा पडवीत येऊन बघावं, चूक काढावी, ओरडावं, एवढंच यांना हवं होतं. आणि पूल, ओढा, सिग्नल हे यांनी मुद्दाम केलं होतं का, हे मी पुढं कितीदा विचारलं. हे म्हणायचे, "प्रत्येक लाइनीवर ओढा असतोच." डोळे मात्र चुकवायचे.

मामंजी येत नव्हते. पण धूर भिंत मानत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी धुराड्यात कापूर पेटवून बघत होते, तर पुढच्या खोलीतून आवाज आला, "कापूर जाळू नका. काळा धूर म्हंजे कोळसा कच्चा पडलाय. असला फायरमन मी उतरवला असता." हे हातातली पक्कड धरून तसेच उभे राहिले. मी मोठ्यानं म्हटलं, "मग चढावर कसला करू?"

आतून बाज करकरली. मग, "चढावर काळा चालंल. उतारावर पांढरा."

त्यानंतर रोज एखाददुसरं वाक्य यायचं. मी प्रत्येक वाक्य झेलायचे आणि तसं करायचे. चढावर कापूर, उतारावर लोबान. मामंजी आतूनच नाकानं तपासायचे.

संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली तेव्हाची गोष्ट. सकाळची थंडी होती. ओढ्यात धुकं छान भरलं होतं. गाडी धावत होती, पण इंजिनाचा धूर सरळ वर जात होता. धावत्या गाडीचा मागं वळायला पाहिजे. मी सूप घेतलं आणि वारा घालायला लागले. घाईत भलत्या बाजूला उभी राहिले, गाडीच्या पुढं उभं राहायचं ते मागं. वारा गाडीच्या पाठीवर बसला. गाडी आणि वारा एकाच वेगानं चालले. धूर मागं गेला नाही, वरही गेला नाही. तो इंजिनाबरोबर चालला, थंड धुक्यात शिरला आणि खाली बसला. इंजिन दिसेना, पूल दिसेना, सिग्नल दिसेना. नुसता भात्याचा आवाज येत होता.

"अगं, उलट्या बाजूला उभी आहेस," हे म्हणाले. "पुढून वारं घाल."

"थांब. हलू नकोस."

आवाज मामंजींचा होता. ते दारात उभे होते. खांद्यावरची धाबळी खाली पडली होती. ते ओट्यापाशी आले, गुडघे टेकले आणि फळीच्या पातळीला डोळे आणले. तोवर गाडी पुलावरून बाहेर आली होती.

"परत कर," ते म्हणाले.

मी परत केलं. यांनी किल्ली दिली, मी मागून सूप हलवलं. धूर खाली बसला. मामंजींनी फळीची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"असंच व्हतं," ते म्हणाले. "मागनं वारं व्हतं. धूर माज्याबरोबर चालत व्हता. डोकं भाईर काढलं तर समदा त्वांडावर. मी येग कमी केला तर त्यो आनिकच बसला. सायबाला सांगितलं, तर त्यो म्हनाला, इंजिनाचा धूर मागं जातो, पुढं जात न्हाय. समदी हसली. मग मलाच वाटाया लागलं, खरंच डुलकी लागली व्हती का काय."

मी सूप खाली ठेवलं. हे वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसले. एवढं मोठं बोलणं या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते.

माणसाला दुसऱ्यांनी खोटं ठरवलं तर तो भांडतो. पण आपलंच आपल्याला खरं वाटेनासं झालं की तो खिडकी लावून बसतो. हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढच्या आयुष्यात फार उपयोगी पडलं. माझ्या मुलांनी कधी काही अजब सांगितलं तर मी हसले नाही. आधी म्हणायचे, दाखव बघू.

"हे कुणालातरी दाखवलं पाहिजे," हे म्हणाले.

"कुनाला? सायब विलायतेला गेला. कागद कुटं असतील त्येचा पत्त्या न्हाय." मामंजी जरा थांबले. "लिंबाजीला दाखवायचं. दरसाल गड्ड्यात येतो त्यो. दावी, कासरे इकायला. जनावरांच्या बाजाराकडं बसतो. मी तिकडं जात न्हाय."

गड्डा भरला. आमचं पाल तळ्याच्या अंगाला होतं. पहिल्याच दिवशी माणसं मावेनात. धुक्यातून गाडी यायची आणि समोरची माणसं नकळत एक पाऊल मागं सरायची. खेड्यातल्या बायका कोळशाचा कण डोळ्यात जाईल म्हणून पदर तोंडावर घ्यायच्या. एक शेतकरी बायकोला म्हणाला, "वास बी येतोय की गं, लई बेस." मी पडद्यामागं माठ, शेगडी आणि सूप घेऊन बसलेली असायचे. मला कुणी बघत नव्हतं. त्याचं मला काही वाटलं नाही. आपण केलेल्या धुक्यात लोक हरवतात आणि आपल्याला वाट ठाऊक असते, यात मोठं सुख आहे.

भोगीच्या दिवशी मी जनावरांच्या बाजाराकडं गेले. मामंजींनी मला जायला सांगितलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. लिंबाजी सापडायला वेळ लागला नाही. चाळिशीचा माणूस, बसूनच दोरी वळत होता. शेजारी कुबडी होती.

"लिंबाजीदादा, मी करकंबच्या ड्रायव्हरची सून," मी म्हणाले.

त्याचे हात थांबले. "काय पायजे?"

"तुम्ही उद्या सकाळी आमच्या पालात या. एक गोष्ट बघायची आहे."

"मी काय बघू? त्यास्नी म्हनावं, हितं येऊन माजं पाऊल बघा."

"ते बघायला इथं येतील. पण आधी तुम्ही या. मला जे दाखवायचं आहे ते इथं आणता येत नाही."

"काय हाय ते?"

"धूर आहे. आणि धुकं. त्या सकाळचं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वेडी आहे की काय याचा अंदाज घेत असावा. मग पुन्हा दोरी वळायला लागला. वळता वळता म्हणाला, "गर्दी नको."

"गर्दीच्या आधी या," मी म्हणाले.

संक्रांतीच्या सकाळी तो आला. मामंजी आधीच येऊन बसले होते. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही दुसरीकडं मान वळवली. हे त्याला हात द्यायला पुढं झाले. त्यानं हात घेतला नाही. पुलाच्या टोकाशी मी एक खोकं ठेवलं होतं, त्यावर तो बसला. मामंजी गाडी जिकडून येणार त्या बाजूला.

आणि धूर वर गेला. सरळ वर, पालाच्या छताला.

"चुलीवानी वर चाललंय हे," लिंबाजी म्हणाला.

चार दिवस शेकडो माणसांसमोर न चुकलेली गोष्ट आज चुकली होती. मी स्वतःला म्हटलं, घाबरायचं कारण नाही, धूर कधी विनाकारण वागत नाही. माठाला हात लावला. फडकं वाळलं होतं. रात्रीची गॅसबत्ती हे विझवायचे विसरले होते, तिनं पाल तापलं होतं. मी बत्ती विझवली. तळ्याकडची कनात वर उचलून दगडाखाली दाबली. थंड हवा पायांवरून आत आली. घागरभर पाणी आणून माठावर ओतलं. मग थांबले. हवा निवायला वेळ लागतो, तो द्यावा लागतो. एकदा मामंजी खोकले. एकदा लिंबाजीनं कुबडी या हातातून त्या हातात घेतली.

मी पुन्हा धूर सोडला. तो ओढ्यात उतरला.

लिंबाजी पुढं वाकला. पुलाच्या कमानी बुडाल्या, सिग्नल बुडाला. यांनी किल्ली दिली. मी गाडीच्या मागं उभी राहून सूप हलवायला लागले, हळू, गाडीच्याच वेगानं.

"गाडी कुटं हाय?" लिंबाजीनं विचारलं.

"येतेय," हे म्हणाले.

"आवाज येतोय. दिसत न्हाय."

आणि इंजिन त्याच्या नाकासमोर पुलावर होतं. त्यानं झटकन हात मागं घेतला. इंजिन वीतभराचं होतं, तरी घेतला.

गाडी फेऱ्या पुऱ्या करून थांबली. भाता थांबला. मामंजींनी विचारलं, "फटाके लावले व्हतेस का?" इतकी वर्षं तो प्रश्न त्यांच्या घशात होता.

"थैलीत व्हते," लिंबाजी म्हणाला. "सिग्नलपातूर पोचलोच न्हाय. निघालो तवा धुकं पातळ व्हतं. लांबची बाभूळ दिसत व्हती. पुलावर आलो आन् वड्यातनं दाट धुकं वर आलं. आवाज कुटनं येतोय त्येच कळंना."

"मी समजत व्हतो, तू कुटंतरी शेकत बसला व्हतास."

"आन् मी समजत व्हतो, तुमी झोपला व्हता."

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण शेवटी मला त्या पालातच थांबायचं आहे. रेल्वेनं कुठला कागद बदलला नाही. मामंजी पुन्हा इंजिनावर चढले नाहीत, लिंबाजीचं पाऊल आलं नाही. त्या दुपारी मामंजी जनावरांच्या बाजाराकडं गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथं बसले. पुढच्या वर्षीपासून लिंबाजी गड्ड्याला आला की आमच्याकडं उतरायचा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढ्यात घेऊन दोघं बसत. त्या सकाळबद्दल पुन्हा बोलले असतील तर माझ्यासमोर नाही. आमची गाडी आणखी दोन गड्डे चालली, मग लोकांना बोलका सिनेमा आवडायला लागला. पितळी इंजिन माझ्या धाकट्याकडं आहे. त्याला धूर काढता येत नाही, आणि मी शिकवायला तयार आहे पण त्याला वेळ नाही.

तर त्या पालात. बाहेर माणसं जमायला लागली होती, कुणीतरी कनात ओढून आत डोकावत होतं. मला वाटलं, झालं, आता लिंबाजी उठेल. तो उठला, कुबडी बगलेत घेतली आणि ओट्याला वळसा घालून मामंजींच्या बाजूला आला.

"तितनं काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

मामंजींनी आपली जागा सोडली. त्याला बसवलं, त्याचं डोकं हातानं जरा खाली केलं, फळीच्या पातळीला. म्हणाले, "हितं डोळा ठेव. म्या बी असाच व्हतो." मग स्वतः पलीकडं गेले आणि पुलाच्या टोकाशी, लिंबाजीच्या खोक्यावर जाऊन बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "परत कर."

मी माठावर पाणी घातलं, शेगडीत चिमूटभर लोबान टाकला आणि सूप उचललं. यांनी किल्ली दिली. बाहेरून कुणीतरी विचारलं, "अवो, कवा सुरू व्हनार?" हे कनातीपाशी गेले आणि आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "जरा दम धरा. आत दोन माणसं बघतायत."